पिवळा-निळा आणि दहा चाळीसची नोंद

अकरा वर्षं मी पगार घेऊन सातभाई पक्षी बघितले. हे सांगितलं की लोक दोन प्रकारे हसतात. खेड्यातले म्हणतात, सातभाई काय बघायचे, ते तर उकिरड्यावर उड्या मारताना रोज दिसतात. शहरातले म्हणतात, किती छान, किती शांत काम. पहिलं हसणं मला समजतं. दुसऱ्याचा मला राग येतो. त्या कामात शांत काहीच नव्हतं. चार-पाच तास एका जागी बसायचं, खोकायचं नाही, मान वळवायची तीसुद्धा हळू, आणि आत जीव सारखा पळत असायचा. घरी पोरींनी काही खाल्लं का, पाण्याची पाळी कोणाची होती, आपण आता डोळे मिटले तेवढ्यात कोण येऊन गेलं. संध्याकाळी घरी गेले की मला बसवत नसे. उभ्याने चहा प्यायची सवय लागली ती अजून गेली नाही.

माझं माहेर आणि सासर दोन्ही खांडबाऱ्याच्या बाजूला, डोंगरातल्या गावांत. घरी आम्ही कोकणी बोलतो, किनाऱ्यावरची नव्हे, इथल्या डोंगरातली आदिवासी बोली. मराठी मी आश्रमशाळेत शिकले, दहावीपर्यंत. म्हणून इथे घरचं बोलणंही मराठीतच लिहिते आहे. माझा नवरा याकूब प्रकाशाजवळच्या एका शेतावर सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. शेत उत्तमबापूंचं. पपई, कापूस, थोडा ऊस, आणि बांधाला बोरी-बाभळींची जुनी दाट कुंपणं. शेतावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. याकूब, मी, आमच्या दोन मुली रूथ आणि एस्तेर, आणि याकूबची धाकटी बहीण मंजुळा. एस्तेर झाली तेव्हा मंजुळा महिनाभर मदतीला आली होती. ती राहिली ती राहिलीच.

एका हिवाळ्यात मृणालताई आल्या. पुण्याच्या, पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या. त्यांनी बापूंना विचारलं की तुमच्या कुंपणात सातभाईंची घरटी आहेत का. बापूंना काय माहीत असणार. सरपण गोळा करताना मी तीन घरटी बघून ठेवली होती, ती दाखवली. दोन घरट्यांत निळीशार अंडी, चकाकणारी, तिसऱ्यात पिल्लं. मृणालताईंनी मला एक वही दिली आणि सांगितलं, दोन तास या घरट्याकडे बघा, जे दिसेल ते लिहा, जे दिसणार नाही ते लिहू नका. दोन तासांनी मी वही परत दिली. त्यात मी लिहिलं होतं, ‘पिल्लांना भरवायला दोन नाही, पाच जण येतात. एकाची शेपटी तुटकी आहे म्हणून तो ओळखू येतो. बाकीचे सारखेच दिसतात, पण एका वेळी पाच दिसले म्हणून पाच.’ त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, उद्यापासून याल का?

आता काम काय होतं ते सांगते. सातभाई सहा, आठ, कधी बारा जणांच्या गटाने राहतात. गटात घालते अंडी एकच जोडी. पण पिल्लं बाहेर आली की सगळा गट त्यांना भरवतो. आधीच्या वर्षीची मोठी झालेली पिल्लं, काका, आत्या, सगळे. ते स्वतःचं घरटं न करता दुसऱ्याची पिल्लं का वाढवतात, किती दिवस वाढवतात आणि कधी सोडून जातात, हा मृणालताईंचा प्रश्न होता. त्यासाठी कोण कोण आहे ते ओळखता यायला हवं, आणि सातभाई म्हणजे मातकट रंग, पिवळट डोळा, एकसारखे एक. नर कुठला, मादी कुठली हेसुद्धा नुसतं बघून कळत नाही. रक्ताचा थेंब तपासायला पाठवावा लागतो. म्हणून पहाटे बारीक जाळं लावून त्यांना धरायचं, वजन करायचं, पायात रंगीत कडी घालायची आणि सोडून द्यायचं. वनखात्याची परवानगी असल्याशिवाय यातलं काहीही करता येत नाही. डाव्या पायात पिवळं आणि उजव्या पायात निळं असेल तर तो पिवळा-निळा. असे लाल-पांढरा, हिरवा-हिरवा. ही त्यांची नावं.

पहिल्यांदा जाळं लावलं त्या दिवशी मी घाबरले होते. इतर पक्षी जाळ्यात अडकला की त्याचे सोबती उडून जातात. सातभाई एक अडकला आणि ओरडला, तसे बाकीचे सगळे खाली आले. जाळ्यावर, आमच्या हातांवर, किंचाळत. पाच मिनिटांत आठ जण त्याच जाळ्यात. मृणालताई हसत होत्या, त्यांचं काम सोपं झालं होतं. मला हसू आलं नाही. माझ्या बोटाला त्यातल्या एकाने इतकं घट्ट धरलं होतं की सोडवताना मी त्याच्याशी बोलत होते, आमच्या भाषेत.

बापूंना हे सगळं खुळ वाटायचं. बांधावरून जाताना थांबायचे. एकदा त्यांच्या बोलीत विचारलं,

“दिवसभर काय देखी ऱ्हायनी वं तू?”

“कोण कोणाला भरवतंय ते, बापू.”

“आन् मंग?”

“मग लिहायचं.”

ते थोडा वेळ घरट्याकडे बघत राहिले. बापूंचे तीन भाऊ होते आणि तिघांशीही बोलणं बंद होतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. “ह्या सात भाऊ शेतस,” ते म्हणाले, “तरी वाटनी मांगतस नहीत.” त्या वर्षी त्यांना कुंपण तोडून तारा लावायच्या होत्या. लावल्या नाहीत. मला कधी त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण नंतर येता-जाता विचारायचे, तो लाल-पांढरा आज शे का?

मला या कामात एकच गोष्ट जड जायची, ती म्हणजे हात न लावणं. घरट्यात काही झालं तरी आपण मध्ये पडायचं नाही, नुसतं लिहायचं. एकदा एका घरट्यात पावशाने आपलं अंडं टाकलं. पावशाचं पिल्लू सातभाईच्या पिल्लांना पुरून उरलं, आणि सहा सातभाई मिळून त्या एका परक्या दांडगटाला भरवत राहिले. ते घरट्यात मावेना तरी भरवत राहिले. मी मृणालताईंना विचारलं, सुरुवातीलाच काढून टाकलं असतं तर? त्या म्हणाल्या, “मग आपण जे बघितलं ते सातभाईंचं राहिलं नसतं, आपलं झालं असतं.” मला पटलं. पण त्या तीन आठवड्यांत मला नीट जेवण गेलं नाही.

पिवळा-निळा हा आमच्या विहिरीजवळच्या गटातला. मी कामाला लागले तेव्हा तो नुकता मोठा झालेला. सलग तीन हंगाम त्याने आई-बापांची पिल्लं भरवली, आणि इतकी की मृणालताईंनी माझी वही बघून विचारलं होतं, तुम्हाला हा एकटाच दिसतो का? एकटा नव्हता दिसत. तो येतच जास्त वेळा होता. चोचीत अळी घेऊन यायचा, आधी फांदीवर थांबून चहूकडे बघायचा, मग आत. इतर कधी अळी स्वतःच खाऊन टाकायचे. त्याला मी तसं करताना एकदाही बघितलं नाही.

घरी जेवताना मी हे सांगायची. मंजुळा भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा तिने विचारलं, “त्याला स्वतःचं घरटं का नाही?”

मी मृणालताईंनी सांगितलेलं सांगितलं. जागा मोकळी नसते, एकट्याने बाहेर पडलं तर शिकरा उचलतो, म्हणून थांबतात. घरात राहिलं तर निदान जीव वाचतो.

“आणि आई-बापांचं काम होतं,” मंजुळा म्हणाली.

मी हो म्हटलं. मला तेव्हा त्यात दुसरं काही ऐकू आलं नाही.

मी पहाटे साडेसहाला बाहेर पडायची. मुलींना उठवणं, न्हाऊ घालणं, रूथला शाळेत सोडणं, एस्तेरला सांभाळणं, दोन वेळचा स्वयंपाक, हे सगळं मंजुळावर. तिच्याशिवाय मला ते काम एक दिवस करता आलं नसतं. हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी त्याचा विचार करायचं टाळत होते.

माझ्या कामाच्या चौथ्या वर्षी, मार्चमध्ये, मंजुळाला स्थळ आलं. मुलगा खांडबाऱ्याचा, रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या कामावर. नाव सुधीर. नाताळात आम्ही गावी गेलो होतो तेव्हा चर्चमध्ये त्याने तिला बघितलं होतं, आणि मला वाटतं तिनेही त्याला. तो, त्याची आई आणि मावशी बुधवारी सकाळी नऊला आमच्याकडे येणार असा निरोप आला. सुट्टी त्याला तेवढीच मिळत होती.

त्याच आठवड्यात विहिरीजवळच्या गटाच्या घरट्यात तीन पिल्लं होती, आठ दिवसांची. सात जण भरवत होते. मृणालताई पुण्याला गेल्या होत्या आणि जाताना बजावून गेल्या होत्या, हे घरटं सोडू नका, रोज सात ते बारा. फोन करून एक दिवस सुट्टी मागता आली असती. त्यांनी दिली असती. पण मला दोन्ही हवं होतं. मी ठरवलं की सातला बसायचं, नऊला उठायचं, पाहुण्यांचं आटोपून अकराच्या सुमारास परत यायचं. खोली तिथून दहा मिनिटांवर होती.

पाहुणे वेळेवर आले. सुधीर कमी बोलत होता, पण एस्तेर त्याच्या मांडीवर जाऊन बसली ती उठली नाही. मंजुळाने चहा आणला. याकूब आणि सुधीरची आई गावाकडच्या नात्यांचं बोलत होते. मी घड्याळ बघत होते. सव्वादहा झाले. साडेदहा. शेवटी सुधीरच्या आईने विचारलं, “मग आम्ही मे महिन्यात धरून चालू का?”

याकूबने माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, “एवढी घाई कशाला? मुली लहान आहेत. माझा हा हंगाम जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू.”

सुधीरच्या आईने कप खाली ठेवला. त्या चांगल्या बाई होत्या, जाताना मुलींच्या हातात खाऊ देऊन गेल्या. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायलाही गेले नाही. मी कुंपणाच्या दिशेने जवळजवळ पळत सुटले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी लपणात शिरले. लपण म्हणजे चार काठ्यांवर बांधलेलं खाकी कापड, आत एक स्टूल. बाहेर सातभाईंचा कालवा चालला होता. सगळे बाभळीच्या शेंड्यावर, पंख फुलवून, किंचाळत. घरटं रिकामं होतं. मी बाहेर येऊन खालचं सगळं झुडूप बघितलं. पिल्लं नव्हती. आठ दिवसांचं पिल्लू स्वतःहून कुठे जात नाही. भारद्वाज आला असेल, साप आला असेल, मुंगूस. कुंपणाच्या मुळाशी मातकट पिसांचा एक पुंजका होता. मोठ्या पक्ष्याची पिसं. मी गट मोजला. नेहमी सात भरत. सहा होते. पिवळा-निळा नव्हता.

मग मी आत जाऊन बसले आणि नऊ ते अकराच्या नोंदी लिहिल्या. मला त्यांची चाल पाठ होती, कोण किती वेळाने येतो, काय आणतो. सहज लिहिता आलं. ९.१२ लाल-पांढरा, टोळ. ९.२० पिवळा-निळा, अळी. असं करत, १०.४० पिवळा-निळा, हिरवी अळी. मग ११.१० घरटं रिकामं. पिसांचं लिहिलं नाही. कारण वहीप्रमाणे मी तिथेच होते, मग तो मेला असेल तर मला ते दिसायला हवं होतं. अक्षर चांगलं आलं होतं, हे मला आठवतं. रोजच्यापेक्षा चांगलं.

पिवळा-निळा परत कधी दिसला नाही. सुधीरकडूनही निरोप आला नाही.

मला वाटलं होतं की गोष्ट तिथेच विरून जाईल. एका वहीतल्या दोन तासांचं काय. पावसाळ्यात मृणालताई आल्या त्या खुशीत. त्यांनी सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र मांडल्या होत्या. म्हणाल्या, “शांताताई, तुमची मार्चची ती नोंद फार मोलाची आहे. दहा चाळीसला तो भरवतोय. अकरा दहाला घरटं रिकामं. आणि दुसऱ्या दिवसापासून तो गटात नाही. म्हणजे पिल्लं गेली तसं त्याला इथे थांबायचं कारण उरलं नाही, तो निघाला. इतकं नेमकं कोणाकडेच नाही.” त्या हे परदेशातल्या एका सभेत मांडणार होत्या.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. दिवसाही चैन नव्हती. लपणात बसले की वाटायचं, समोर जे दिसतंय ते खरंच दिसतंय का. एकच नोंद तीन-तीनदा तपासायची. घरी काही विचारलं की अंगावर यायची. याकूबला वाटलं तब्येत बिघडली. मंजुळा मात्र गप्प बघत होती. मार्चपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

एका दुपारी मी एस्तेरवर विनाकारण ओरडले. मंजुळाने तिला माझ्यापुढून उचललं आणि विचारलं, “तुला काय झालंय?”

मी सांगितलं. सगळं. तिला ठाऊक होतंच की त्या दिवशी मी साडेदहानंतरही घरी होते; तिला ठाऊक नव्हतं ते वहीचं. तिने ऐकून घेतलं.

“म्हणजे त्याचं न बघता लिहिलंस,” ती म्हणाली. “आणि माझं न विचारता बोललीस.”

“तेव्हा तू तरी काही म्हणाली असतीस.”

“म्हणाले होते. ‘वहिनी’ म्हणून हाक मारली होती. तू बोलतच राहिलीस.”

मी आठवायचा प्रयत्न केला. मला चहाचे कप आठवत होते, घड्याळ आठवत होतं. तिची हाक आठवत नव्हती. अजूनही आठवत नाही. पण याकूब म्हणतो, मारली होती.

दुसऱ्या दिवशी मी शहाद्याला मृणालताईंच्या भाड्याच्या खोलीवर गेले. त्या जेवत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, नऊ ते अकरा मी तिथे नव्हते. पिसांचंही सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

“अजून कुठे असं केलंय?”

“नाही.”

“हे मी कसं मानायचं?”

मग उठून त्यांनी त्या वर्षीच्या माझ्या सगळ्या वह्या काढल्या, चौदा वह्या, एका पिशवीत भरल्या आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘वापरू नये.’ जानेवारीपासूनच्या. उन्हातल्या, थंडीतल्या, ताप असताना बसून लिहिलेल्या. त्यातले दोन तास सोडले तर सगळं खरं होतं. मी रडले नाही. मी म्हणाले, “कामावरून काढणार असाल तर आजच सांगा.”

“काढणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण पुढचा हंगाम तुम्ही ज्या घरट्यावर बसाल, त्याच घरट्यावर दुसऱ्या बाजूने आणखी कोणीतरी बसेल. दोघींच्या वह्या मी जुळवून बघेन.”

तसंच झालं. पुण्याहून एक विद्यार्थिनी आली. पूर्ण हंगाम आम्ही दोघी एकाच झाडाच्या दोन बाजूंना बसलो. ती माझ्या निम्म्या वयाची होती आणि माझ्यावर पहारा ठेवायला आली आहे हे तिला माहीत होतं. बिचारी माझ्याकडे बघायची नाही. हंगामाच्या शेवटी मृणालताईंनी वह्या जुळवल्या. जिथे फरक होता तिथे बहुतेक वेळा तिच्या नजरेतून काहीतरी सुटलं होतं. त्यांनी हे मला सांगितलं, पण जास्त काही बोलल्या नाहीत. ती पिशवी त्यांनी उघडली नाही. परदेशातल्या सभेत त्या दुसऱ्याच कुठल्या गोष्टीवर बोलल्या.

बापूंच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, “लिखं ते लिखं. पन सांगं कसाले?” त्यांना खरंच कळत नव्हतं. मी म्हटलं, बापू, मला बसवत नव्हतं. त्यावर त्यांनी मान हलवली; एवढं त्यांना कळलं.

वहीचं असं निस्तरलं. मंजुळाचं राहिलं होतं.

कबुली दिली त्याच आठवड्यात मी तिला विचारलं, मी खांडबाऱ्याला जाऊन त्या लोकांशी बोलू का? या वेळी विचारलं. ती म्हणाली, “बोल. पण मीपण येणार.” नंदुरबारहून आम्ही दोघी गाडीने गेलो. सुधीरची आई दारातच भेटली. घरात बसवलं, पाणी दिलं. आमचं बोलणं पूर्ण होण्याआधीच तिने सांगितलं की सुधीरचं गेल्या महिन्यात ठरलं, मुलगी नवापूरची आहे. “तुम्ही पुढच्या वर्षी म्हणालात,” ती म्हणाली. “आम्हाला वाटलं, तुम्ही नाही म्हणताय. तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून तसं बोललात.”

“मी नाही म्हटलं नव्हतं,” मंजुळा म्हणाली.

सुधीरच्या आईने तिच्याकडे बघितलं. “तुझ्याशी माझं बोलणंच झालं नव्हतं, पोरी,” ती म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, हे दिसत होतं.

स्टेशनवर गाडीला दीड तास होता. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. मंजुळा बाकावर बसून होती. मी शेवटी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, “माझं चुकलं.”

“हो,” ती म्हणाली. “मी आता शेतावर राहणार नाही. नंदुरबारला मिरचीच्या कामावर बायका घेतात. आपल्या गावच्या तिघी आहेत, एक खोली करून राहतात. मी त्यांच्याशी बोलले आहे.”

“कधी बोललीस?”

“महिना झाला.”

म्हणजे मी घरट्यातली कोणती अळी हिरवी आणि कोणती काळी हे लिहीत होते, त्या महिनाभरात माझ्या घरातलं माणूस जायची तयारी करत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. हे मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

ती गेली तेव्हा एस्तेर चार दिवस जेवली नाही. मला वाटलं आता काम सुटलं. दोन सकाळी मी एस्तेरला लपणात घेऊन बसले. तिने सगळे पक्षी उडवून लावले. तिसऱ्या दिवशी बापू खोलीपाशी आले. “पोरगीले आमना घर सोडत जाय,” ते म्हणाले. त्यांच्या घरच्या जिजीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पुढची दोन वर्षं एस्तेरला सकाळचं सांभाळलं. कधी त्याचा उच्चार केला नाही. मालकाच्या घरात आपली मुलगी ठेवायला मला संकोच वाटायचा. तोही हळूहळू गेला.

त्यानंतर मी सात वर्षं काम केलं. नवीन आलेल्या मुला-मुलींना मीच शिकवायची. पहिल्या दिवशी त्यांना सांगायची, तुम्ही उठून गेलात तर लिहा की उठून गेलात. रिकामी जागा वहीत चालते. कित्येकांना वाटायचं ही बाई फार कडक आहे. विहिरीजवळच्या गटात पुढे पिवळा-निळासारखा भरवणारा कोणी निघाला नाही. सगळे थोडं थोडं करायचे. काही जण गट सोडून गेले. त्यातला हिरवा-हिरवा मला पुढच्या साली दोन शेतं पलीकडे स्वतःच्या पिल्लांना भरवताना दिसला. मी त्या दिवशी इतक्या जोरात हसले की घरट्यावरचे सगळे उडाले, आणि तेही मला लिहावं लागलं. मग मृणालताईंच्या संशोधनाचा पैसा संपला, लपणं उतरवली, आणि मी परत शेतातल्या कामाला लागले. रस्त्याने जाताना कुठे सातभाई दिसले की अजून आधी त्यांच्या पायांकडे नजर जाते.

मंजुळा नंदुरबारलाच आहे. लाल मिरचीची देठं खुडण्यापासून तिने सुरुवात केली. पहिली काही वर्षं हातांची आग व्हायची, रात्री हात पाण्यात ठेवून झोपायची. आता ती चाळीस बायकांवर देखरेख करते. तिने लग्न केलं नाही. मधे दोन स्थळं आली होती. ती तिने स्वतः बघितली आणि स्वतःच नाही म्हणाली. आपली खोली आहे, गॅस आहे, खिडकीत तुळस आणि पुदिना. रूथ कॉलेजसाठी वर्षभर तिच्याकडे राहिली तेव्हा ती रूथकडून खोलीभाड्याऐवजी स्वयंपाक करून घ्यायची, आणि रूथने कुरकुर केली की म्हणायची, माझा तुझ्यासाठी आयुष्यभराचा करून झाला आहे.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. या मासिकाच्या अंकासाठी हे लिहिते आहे, तुझंही त्यात आहे, चालेल का, असं विचारायला. तिने पानं वाचली. दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं. “चालेल,” म्हणाली. मग मी विचारलं, जे मी प्रत्येक वेळी विचारते.

“अजून राग आहे का गं?”

“होता,” ती म्हणाली. “बरीच वर्षं होता. आता नाही. आता तू दर वेळी हेच विचारतेस त्याचा कंटाळा येतो.”

तिने पानं नीट घडी करून मला दिली. दोनची पाळी होती तिची. डोक्याला ओढणी बांधत म्हणाली, भात झाकून ठेवला आहे, जेवून जा, चावी शेजारी दे. ती जिना उतरून गेल्यावर मी भात वाढून घेतला आणि जमिनीवर मांडी घालून, बसून जेवले. मग कुलूप लावलं, चावी शेजारी दिली आणि प्रकाशाची बस धरली.